प्लग काढ, मग बोलू

रविवारी सकाळी भाच्याचा फोन आला. "मामा, टेबल सॉ घेतलाय. दहा इंची. आत्ता खोक्यातून काढला. चालू करण्याआधी काही सांगायचंय का?"

"प्लग काढ, मग बोलू."

"अजून लावलाच नाहीये."

"मग तसाच राहू दे. मी येतो."

मुलुंडहून बोरिवली म्हणजे रविवार असला तरी दीड तास. बसमध्ये बसल्या बसल्या पिशवीतल्या वहीत मुद्दे काढले. नंतर सोसायटीतल्या आणखी दोघांनी तेच विचारलं, म्हणून आता सगळं एकदाच नीट लिहून काढतोय. टेबल सॉ (टेबलाच्या फटीतून वर आलेलं गोल पातं लाकूड चिरतं ते मशीन), बेंच ग्राइंडर (धार लावायचं फिरतं चाक), ड्रिल मशीन, बँड सॉ (पट्ट्यासारख्या पात्याची करवत), सँडर (घासून गुळगुळीत करायचं मशीन), असं जागेवर बसवलेलं काहीही ज्यांच्या घरात आहे किंवा येऊ घातलंय, त्यांच्यासाठी. हातात धरून चालवायच्या मशीनचं शास्त्र वेगळं, ते यात नाही.

माझी ओळख एवढीच, की भांडुपच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये, म्हणजे जिथे साचे आणि हत्यारं बनतात तिथे, ३४ वर्षं काढली. तिथे एकदाही टाका पडला नाही. निवृत्त झाल्यावर तळमजल्यावरच्या घराच्या मागच्या नऊ बाय अकराच्या खोलीत मशीनं मांडली आणि तिसऱ्या महिन्यात डाव्या हाताच्या तर्जनीचं टोक गेलं. पाऊण सेंटीमीटर. का गेलं ते पुढे येईलच, आधी खोली बघू.

खोली आणि वीज

मशीन डगमगता कामा नये. कारखान्यात ते जमिनीत बोल्टने जखडलेलं असतं. घरी आपण ते स्टुलावर ठेवतो आणि खाली पुठ्ठ्याची घडी सारतो. ड्रिल आणि ग्राइंडर जाड लाकडी टेबलाला बोल्टने आवळा आणि ते टेबल भिंतीला धरा. टेबल सॉच्या स्टँडचे चारही पाय जमिनीला टेकले पाहिजेत. आपल्याकडच्या फरशीला मोरीकडे उतार असतो, तो हमखास नडतो.

जागेचा हिशेब मशीनच्या मापाने करू नका, लाकडाच्या मापाने करा. आठ फुटी फळी चिरायची तर पात्याच्या अलीकडे आठ फूट लागतात आणि पलीकडे आठ फूट. म्हणजे आठ बाय चारची प्लायची शीट माझ्या खोलीत कापता येतच नाही. मी ती दुकानातच चिरून घेतो. दुकानदार थोडे पैसे घेतो आणि तुकडे घरात सहज वळतात.

उजेड भरपूर हवा. जुन्या चोकच्या एकाच ट्यूबखाली फिरणारं मशीन लावू नका. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा उघडमीट करते. डोळ्याला ते कळत नाही, पण विशिष्ट वेगाने फिरणारा चक, म्हणजे ड्रिलचं भोक पाडणारं बिट धरणारा भाग, त्या उजेडात थांबल्यासारखा किंवा सावकाश उलटा फिरल्यासारखा दिसू शकतो. आमच्या टूलरूममध्ये म्हणूनच प्रत्येक मशीनवर साधा बल्ब वेगळा असायचा. घरी चांगल्या ड्रायव्हरचा एलईडी दिवा मशीनच्या डोक्यावर लावला की भागतं.

आता वीज. मशीनला स्वतंत्र १६ अँपिअरचा पॉइंट ओढून घ्या. मी ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची वायर टाकून घेतली. इंडक्शन मोटर चालू होताना नेहमीच्या पाच-सहा पट करंट खेचते, त्यामुळे बारीक एक्स्टेंशन बोर्डावर मोटर गुरगुरते, गरम होते, आणि एक दिवस बोर्ड वितळतो. सामानासाठी लोहार चाळीत एक चक्कर मारलीत की सगळं एका गल्लीत मिळतं, पण जोडणी परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. एमसीबी (जास्त करंट वाहिला की पडणारा स्विच) वायरला वाचवतो, तुम्हाला वाचवत नाही. तुमच्यासाठी ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) लागतो. त्यावर 'टेस्ट' लिहिलेलं बटण असतं, ते महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर तो नुसता शोभेचा आहे.

आणि अशा मशीनचा स्विच भिंतीवरच्या पंख्याच्या स्विचसारखा नसावा. १२ ऑक्टोबर २०२०ला, सोमवारी सकाळी दहाच्या सुमारास, जवळजवळ सगळ्या मुंबईची वीज गेली होती, आठवत असेल. मी तेव्हा ग्राइंडरवर पटाशी लावत होतो. चाक हळूहळू थांबलं. बॅटरी शोधायला उठलो, मग गच्चीवर गेलो, शेजाऱ्यांशी गप्पा झाल्या, जेवलो. काही तासांनी स्वयंपाकघरातला पंखा फिरला आणि त्याच क्षणी मागच्या खोलीत ग्राइंडर आपोआप घोंघावायला लागला. स्विच चालूच राहिला होता. खोलीत तेव्हा कोणी नव्हतं, हे नशीब. आदल्याच आठवड्यात नातू त्या स्टुलावर बसून चाक हाताने फिरवून बघत होता. दुसऱ्या दिवशी नो-व्होल्ट कॉइलचा स्टार्टर आणला. वीज गेली की तो पडतो, आणि परत आली तरी हिरवं बटण दाबल्याशिवाय मशीन हलत नाही. लाल बटण मोठं, बाहेर आलेलं, मांडीने किंवा गुडघ्याने दाबता येईल अशा उंचीवर. हात अडकलेले असताना बंद करायची वेळ येते तेव्हा गुडघाच मोकळा असतो.

अंगावर काय नको

हातमोजे नकोत. हे ऐकून लोकांना नवल वाटतं, पण फिरणाऱ्या मशीनवर हातमोजा घालणं म्हणजे बोटांना दोरी बांधून तिचं टोक मशीनच्या हातात देणं. एका सहकाऱ्याचा कापडी मोजा ड्रिलच्या बिटाला नुसता शिवला होता. मोजा गेला असता तर चाललं असतं, पण मोजा एकटा जात नाही.

तोच नियम जानव्याला, गळ्यातल्या चेनला, मंगळसूत्राला, ओढणीला, अंगठीला, घड्याळाला, देवळातून बांधून आणलेल्या लाल धाग्याला. धागा काढायचा नसेल तर बाही मनगटापर्यंत आणून तिचं बटण घट्ट लावा. एरवी अर्ध्या बाह्या बऱ्या. केस वर बांधा. पायात चपला नकोत, बूट घाला. लोखंडाचा तुकडा पडतो तो नेमका अंगठ्यावरच. वाचायचा चष्मा म्हणजे गॉगल नव्हे, त्याच्या बाजू उघड्या असतात. चष्म्यावरून बसणारे गॉगल नागदेवी स्ट्रीटवर स्वस्तात मिळतात. दोन घ्या, एक कायम हरवलेला असतो.

दसऱ्याची गोष्ट यातच सांगतो. खंडेनवमीला मशीनची पूजा होते, झेंडूची माळ घालतो. घाला, मीही घालतो. पण आधी प्लग काढा आणि माळ अशी घाला की काढायची आठवण राहील. एका वर्षी मी ड्रिलच्या हँडलला माळ गुंडाळली आणि एकादशीला विसरून मशीन चालू केलं. माळेचा दोरा चकात गेला आणि झेंडू खोलीभर उडाले. इजा काही नाही झाली. पण दोऱ्याने चकाभोवती घातलेले वेढे सोडवायला अर्धा तास लागला, आणि त्या अर्ध्या तासात मी त्या जागी माझी बाही बघत होतो.

ग्राइंडर

सगळ्यांना हे मशीन गरीब वाटतं. सहा इंची चाक मिनिटाला २८५० फेरे घेतं, म्हणजे त्याच्या कडेचा वेग ताशी ८० किलोमीटरच्या घरात जातो. हे चाक म्हणजे भाजलेली माती आणि दाणे. फुटलं तर तुकडे त्याच वेगाने येतात.

नवं चाक बसवायच्या आधी वाजवून बघा. कुंभारवाड्यात माठ घेताना आपण बोटाच्या पेराने वाजवतो ना, अगदी तसं. चाक कोरडं हवं. मधल्या भोकात बोट घालून लटकतं धरा आणि पेचकसाच्या लाकडी दांड्याने हलकेच टिचकी मारा, उभ्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांवर. मग चाक थोडं फिरवून पुन्हा. 'टण्ण' असा स्वच्छ आवाज आला तर ठीक. फुटक्या माठासारखा 'भद्' आला तर ते चाक हातोडीने फोडून टाकून द्या. तसंच ठेवलंत तर कोणीतरी उचलून बसवेल. चाकावर छापलेले कमाल फेरे मोटरच्या पाटीवरच्या फेऱ्यांपेक्षा जास्त असले पाहिजेत. चाकाच्या दोन्ही बाजूंचे कागदी गोल फाडू नका, नटाचा दाब चाकावर सारखा पसरवायला ते असतात. डावीकडच्या चाकाचा नट उलट्या आट्यांचा असतो, हेही लक्षात असू द्या, नाहीतर सोडवतोय समजून आवळत बसाल आणि चाक तडकेल.

बसवल्यावर गार्ड (चाकावरचं संरक्षक झाकण) लावा, बाजूला उभे राहा, चालू करा आणि मिनिटभर तसंच फिरू द्या. समोर उभं राहायचं नाही. चाक फुटायचं असेल तर बहुधा याच मिनिटात फुटतं.

जॉब, म्हणजे ज्यावर काम चाललंय तो तुकडा, टेकवायचा रेस्ट आणि चाक यांत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. चाक झिजतं तशी फट वाढते, आणि पातळ पट्टी किंवा बोट तिच्यात खेचलं जातं. गार्डच्या वरच्या टोकाला असलेली पट्टी आणि चाक यांतली फट ६ मिलिमीटरच्या आत. रेस्ट सरकवायचा तो चाक थांबल्यावर, प्लग काढून. चाकाच्या सपाट बाजूवर घासू नका, ते कडेसाठी बनवलेलं असतं. ॲल्युमिनियम आणि पितळ या चाकावर नको, ती चाकाच्या दाण्यांत भरून बसतात, चाक गुळगुळीत होऊन तापतं.

आणि ठिणग्या. माझा ग्राइंडर खोलीच्या एका कोपऱ्यात, टेबल सॉ दुसऱ्या कोपऱ्यात, मध्ये पत्र्याचा आडोसा. लाकडाच्या भुशात पडलेली ठिणगी लगेच पेटत नाही. ती आत धुमसत राहते, आणि तुम्ही जेवून झोपल्यावर धूर येतो. म्हणून ग्राइंडिंग करायचंच तर आधी भुसा झाडून बाहेर, आणि काम संपल्यावर अर्धा तास त्या खोलीत काहीतरी करत बसायचं. मी वही लिहितो.

ड्रिल

ड्रिलवरचे अपघात दोन प्रकारचे. पहिला चकच्या चावीचा. बिट आवळून चावी चकातच राहते आणि मशीन चालू केल्यावर ती गोफणीतल्या दगडासारखी सुटते. आमचा उस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी एकच शिकवायचा: चावी चकात असेपर्यंत हात चावीवरच. चावी काढल्याशिवाय हात काढायचा नाही. ती मशीनला दोरीने किंवा साखळीने बांधू नका, लांबवर खुंटीवर टांगा.

दुसरा जॉब फिरण्याचा. पत्र्याची पट्टी हाताने धरून भोक पाडताना सुरुवातीला काही होत नाही. बिट खालून बाहेर पडायच्या क्षणी तिचे दोन्ही दात एकदम पत्र्यात रुततात आणि पट्टी पंख्याच्या पात्यासारखी फिरते. म्हणून जॉब व्हाइसमध्ये किंवा क्लॅम्पने टेबलाला, आणि तळ गाठत आला की हँडलवरचा दाब कमी करायचा. पत्र्याखाली लाकडाचा ठोकळा दिलात तर रुतणं बरंच कमी होतं. पट्टी फिरायला लागलीच तर ती पकडायला जाऊ नका. मागे सरा, लाल बटण दाबा.

वेगाचा हिशेब सोपा आहे. साध्या एचएसएस (हायस्पीड स्टीलच्या) बिटने माइल्ड स्टीलमध्ये मिनिटाला २५ मीटर कापायचा वेग धरा. १० मिमीच्या बिटला साधारण ८०० फेरे, ६ मिमीला १३००, १२ मिमीला ६५०. घरगुती ड्रिलचा पट्टा बहुतेक वेळा दुकानातून आला त्याच पुलीवर कायम राहतो आणि मोठी बिटं निळी पडून जळतात. बोथट बिटला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावताना माणूस मशीनवर ओणवतो. पट्टा बदलताना काय करायचं ते आता सांगत नाही, शीर्षकात आहे.

निघालेला कीस हाताने ओढू नका, फुंकूही नका. ब्रशने काढा.

टेबल सॉ

भाच्याच्या मशीनच्या पाटीवर ४८०० आरपीएम होतं. म्हणजे सेकंदाला ८० फेरे. दहा इंची पात्याचा घेर साधारण ८० सेंटीमीटर. म्हणजे दात सेकंदाला ६४ मीटर पळतो, ताशी २३० किलोमीटर. आपल्या लोकलच्या दुपटीहून जास्त. दुखतंय हे कळून हात मागे घ्यायला माणसाला पाव सेकंद तरी लागतो. तेवढ्यात ४० दातांच्या पात्याचे ८०० दात बोटावरून गेलेले असतात. भाच्याने मोबाईलवर गुणाकार करून बघितला आणि खुर्चीत बसला. मीही मुद्दाम थोडा वेळ काही बोललो नाही.

पण नुसतं पातं बोट कापतं असं क्वचितच होतं. फळी उलटी येते, आणि हात तिच्याबरोबर ओढला जातो. ते असं. पात्याचे पुढचे दात, म्हणजे तुमच्याकडचे, वरून खाली येतात आणि फळीला टेबलावर दाबतात. मागचे दात खालून वर जातात. फळी मागच्या दातांना टेकली की ते तिला उचलून तुमच्याकडे भिरकावतात. फळी मागे टेकते तीन कारणांनी: फेन्स (फळी टेकवून सरकवायची उभी पट्टी) पात्याशी समांतर नसून मागे आत वळलेली असते, चिरलेल्या लाकडाची फट मिटून पातं आवळलं जातं, किंवा कापलेला तुकडा फेन्स आणि पात्याच्या मध्ये तिरपा होऊन अडकतो.

फेन्सचं माप घ्या. पात्याचा एक दात खडूने रंगवा. तो पुढे आणून टेबलावरच्या खाचेपासून अंतर मोजा, मग पातं हाताने फिरवून तोच दात मागे नेऊन पुन्हा मोजा. दोन्ही सारखं आलं तर पातं खाचेशी समांतर आहे. मग फेन्स त्याच खाचेला समांतर लावा. फरक ठेवायचाच तर मागे किंचित मोकळी, केसभर. हे सगळं अर्थातच प्लग काढून.

दुसऱ्या कारणावर उपाय म्हणजे रायव्हिंग नाइफ, पात्याच्या मागे उभी असलेली पोलादी पट्टी. चिरलेल्या फटीत ती शिरते आणि फट मिटू देत नाही. पात्याच्या अंगापेक्षा थोडी जाड आणि दातांनी पाडलेल्या चिरेपेक्षा थोडी पातळ हवी, पात्यापासून ३ ते ८ मिलिमीटरवर. मुंबईत हिचं महत्त्व जास्त आहे. पावसाळ्यात इथलं लाकूड पाणी धरतं. जूनमध्ये वखारीतून आणलेली सागाची फळी चिरताना बघा, पातं अर्ध्यावर गेलं की मागची फट डोळ्यांदेखत मिटत येते. मी पावसाळ्यात आणलेलं लाकूड खोलीत पट्ट्यांवर रचून महिना-दोन महिने ठेवतो, मगच चिरतो. घाई असेल तेव्हा प्लाय वापरतो.

तिसऱ्या कारणाला माझं बोट साक्षी आहे. गणपती चार दिवसांवर होते आणि नवं देवघर पुरं करायचं होतं. ड्रॉवरच्या तळाला प्लायचा एक तुकडा कमी पडला, दोन बाय तीन इंचांचा. आदल्या दिवशी खाच पाडायची म्हणून गार्ड आणि रायव्हिंग नाइफ दोन्ही काढले होते. ते खिडकीत, समोर, हाताच्या अंतरावर होते. मी बघितले, मला नक्की आठवतंय. आतून आवाज आला, "पानं घेतलीत." म्हटलं, एवढा एक तुकडा. फेन्स दोन इंचांवर होतीच, आडवं कापायचं गाइडही लावलेलं होतं, दोन्हींच्या मध्ये तुकडा धरला आणि ढकलला.

पात्याचा आवाज एका पट्टीत चाललेला असतो. तो मध्येच चढला आणि 'टक्' झालं. एवढंच. तुकडा मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरमधून आरपार जाऊन प्लास्टरमध्ये रुतला. बोटाला काही लागलंय असं वाटलंच नाही. टेबलावर लाल थेंब दिसले तेव्हा मी आधी वर बघितलं, कुठून पडतायत म्हणून.

कापताना फेन्स आणि आडवं गाइड एकाच वेळी वापरायचं नाही, हे मला ३४ वर्षं माहीत होतं. कारखान्यात असतो तर फोरमनने गार्डशिवाय मशीन चालूच करू दिलं नसतं, आणि जेवणाची सुट्टी भोंग्यावर झाली असती. घरी फोरमन नाही आणि भोंगा आतून वाजतो.

तेव्हापासून असं करतो. लाल ऑइलपेंटने पात्याभोवती टेबलावर एक वीतभर चौकट रंगवली आहे. मशीन चालू असताना त्या चौकटीत हात जात नाही, दांडा जातो. दांडा १२ मिमीच्या प्लायचा, पंधरा-सोळा इंच लांब, टोकाला फळीची कड बसेल अशी खाच. असे चार करून ठेवलेत, दोन नेहमी हाताशी. चौकटीत हात नेल्याशिवाय धरताच येणार नाही असा बारका तुकडा मशीनवर कापायचाच नाही. करवत आहे घरात. तो दोन बाय तीनचा तुकडा हाताने कापायला दोन मिनिटंही लागली नसती.

पात्याची उंची: दातांमधली खाच फळीच्या वर जेमतेम दिसेल इतकीच. उभं राहायचं ते पात्याच्या रेषेत नाही, डाव्या बाजूला. कापताना नजर पात्यावर नको, फेन्सला टेकलेल्या कडेवर ठेवा. कापून झाल्यावर शेजारी पडलेला तुकडा उचलायला हात घालू नका, पातं पूर्ण थांबू द्या. बटण दाबल्यावर ते थांबेपर्यंत मी आकडे मोजतो. माझं पातं अकरापर्यंत जातं.

आतून हाक मारायची पद्धतही बदलली. आधी ठरवलं होतं की कोणी आलं तर बाहेरून खोलीचा दिवा लुकलुकवायचा. एकदा मुलीने तसं केलं आणि फळी अर्ध्यात असताना अंधार झाला. मग समोरच्या भिंतीवर वेगळा लाल बल्ब लावला, त्याचं बटण स्वयंपाकघरात. बल्ब लागला की मी हातातला कट पुरा करतो, मशीन बंद करतो, मगच "काय?" म्हणतो. मागून येऊन खांद्यावर हात ठेवायचा नाही, हे आता नातवालाही माहीत आहे.

बाकीचं थोडक्यात

बँड सॉवर वरचा गाइड जॉबच्या वर अर्ध्या सेंटीमीटरपर्यंत खाली आणा, उघडं पातं कमीत कमी राहील. गोल दांडा कापताना खाचेच्या ठोकळ्यात बसवा, नाहीतर पातं त्याला गरकन फिरवतं. डिस्क सँडरवर जी बाजू खाली जाते तिच्यावरच घासा, वर जाणारी बाजू जॉब उचलते.

लाकडाची बारीक धूळ साधी समजू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५मध्ये ती माणसात कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली आहे, नाकाचा आणि सायनसचा. एन-९५ मास्क लावा, करोनातले उरले असतील. एमडीएफ (लाकडाच्या तंतूंचा दाबून केलेला बोर्ड) कापताना तर नक्कीच.

आवाजाचं सोसायटीशी आधीच बोलून घ्या. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला दिवसा ५५ डेसिबलची आणि रात्री दहा ते सहा ४५ची मर्यादा आहे, आणि टेबल सॉ जवळून ९०च्या वर सहज जातो. मी सकाळी दहा ते एक एवढंच चालवतो, दहावी-बारावीच्या परीक्षेत अजिबात नाही. कानात बोळे हवेतच. फक्त फोनचे हेडफोन घालून गाणी लावू नका. पात्याचा आवाज बदलला ते ऐकू आलं पाहिजे.

पावसाळ्यात ओतीव टेबल एका रात्रीत तांबूस होतं. गंजलेल्या टेबलावर फळी अडते, अडली की आपण जोर लावतो, आणि जोर लावताना हात सटकतो. मेण घासून ठेवा. माझे सगळे प्लग जमिनीपासून चार फुटांवर आहेत, २६ जुलै २००५नंतर. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि आमच्या तळमजल्यात गुडघाभर पाणी आलं. मोटर पाण्यात बुडली असेल तर उन्हात वाळवून लगेच लावू नका. वायरमनकडून मेगर (वायरचं इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून घ्या, किमान १ मेगओहम आलं तरच.

लागलंच तर

स्वच्छ कापडाने घट्ट दाबा, हात छातीच्या वर धरा. हळद नको, चहापूड तर नकोच, ती धुऊन काढण्यात डॉक्टरांचा वेळ जातो. बोटाचा तुकडा पडला असेल तर स्वच्छ ओल्या कापडात गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. तुकडा थेट बर्फावर ठेवू नका, तो गारठून निकामी होतो. माझं टोक भुशात पडलं होतं, सापडलं तेव्हा जोडण्यासारखं राहिलं नव्हतं. स्वतः स्कूटर चालवत जाऊ नका. १०८ला फोन करा, किंवा शेजाऱ्याला रिक्षा आणायला सांगा.

डोळ्यात लोखंडाचा कण गेला तर चोळू नका. वर्कशॉपमध्ये रुमालाचं टोक किंवा काडी घेऊन कण काढणारा एक तज्ज्ञ नेहमी असतो, त्याच्यापासून लांब राहा. तो कण बुबुळात काही तासांतच गंजायला लागतो. सरळ डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

भाच्याकडे त्या दिवशी टेबल सॉ चालू झालाच नाही. रायव्हिंग नाइफ खोक्याच्या तळाशी, थर्मोकोलखाली, वेगळ्या पिशवीत होता. त्याला वाटलं होतं तो जास्तीचा भाग आहे. तो बसवला, फेन्स मोजली, चार दांडे हाताच्या करवतीने कापले, तोवर संध्याकाळ झाली. येताना त्याला कुलूपवाली स्विचची पेटी घ्यायला सांगून आलो. माझ्या पेटीची किल्ली देवघराच्या ड्रॉवरमध्ये असते. त्याचा तळ अजून तसाच आहे, उजव्या कोपऱ्यात दोन बाय तीनचं भोक.